लेकराच्या यकृतातली गाठ उलटली तर : सुईतून उष्णता देण्याचा उपचार समजून घेऊ



आपल्या आरोग्याच्या पानावर बहुतेक वेळा सिकलसेल, हिवताप, रक्तक्षय, बाळंतपण हे विषय येतात. वडसा-देसाईगंज परिसराची गरजही तीच आहे. या वेळी आम्ही एक दुर्मीळ विषय घेत आहोत. लहान मुलांना यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. तो उपचाराने बरा होऊन पुन्हा उलटला, तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत पोटात सुई घालून ती गाठ उष्णतेने मारण्याचा एक उपचार आहे. आजार दुर्मीळ असला तरी त्यावर लिहिण्याला कारण आहे. मोठ्या शहरातला डॉक्टर "गाठ जाळून टाकू" म्हणाला की आपल्याकडच्या आईबापांना पोटावर चटके देणारा वैदू आठवतो, नाहीतर आता चमत्कार होणार असे वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत. हा उपचार गाठ लहान असेपर्यंतच चालतो. म्हणून तो आपल्या लेकराला मिळेल की नाही हे यंत्रापेक्षा, आपण तपासणीला वेळेवर परत जातो की नाही, यावर जास्त ठरते.

आधी आजार समजून घेऊ.

मोठ्या माणसांत यकृताचा कॅन्सर बहुधा दारूने किंवा ब आणि क प्रकारच्या काविळीने वर्षानुवर्षे खराब झालेल्या यकृतात होतो. लहान मुलांची गोष्ट वेगळी. तीन वर्षांच्या आतल्या मुलांत जी गाठ होते तिला हिपॅटोब्लास्टोमा म्हणतात. गर्भात यकृत घडत असताना ज्या पेशी असतात, तशा अर्धवट घडलेल्या पेशींची ही गाठ असते आणि ती बहुतेकदा एरवी निरोगी असलेल्या यकृतात वाढते. जगभरचा अंदाज असा की १० लाख मुलांमागे वर्षाला एक ते दोन मुलांना ती होते. आता आपला हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार होती आणि चंद्रपूरची सुमारे २२ लाख ४ हजार. त्यातला साधारण चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालची मुले धरली तर दोन्ही जिल्हे मिळून आठ लाखांच्या आसपास मुले होतात. म्हणजे दोन जिल्ह्यांत वर्षाकाठी एखादेच मूल. गावातल्या डॉक्टरने आपल्या सगळ्या नोकरीत अशी एकही गाठ पाहिलेली नसणे शक्य आहे आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणूनच पहिली शंका बहुधा डॉक्टरला येत नाही, अंघोळ घालणाऱ्या आईला किंवा आजीला येते.

आपल्या भागात मुलाचे पोट मोठे दिसले की लोक जंत म्हणतात किंवा पानथरी वाढली म्हणतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. गडचिरोलीत हिवताप आहे, आणि आपल्या समाजात व आदिवासी बांधवांत सिकलसेल आहे. दोन्हींत प्लीहा वाढते. पण पानथरी डाव्या बरगडीखाली लागते, यकृत उजव्या. उजव्या बाजूला किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी कडक, न दुखणारा फुगवटा हाताला लागला, मूल जेवेनासे झाले, वजन घटू लागले, तर जंताचे औषध देऊन महिनाभर वाट पाहू नये. पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. सिकलसेलचे मूल असेल तरीही. "त्याला तर सिकलसेल आहे, पोट असणारच" या समजुतीखाली दुसरा आजार झाकला जाऊ शकतो. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुले तपासायला येते, त्यांना हे मुद्दाम सांगावे. आणि फुगलेले पोट तेलाने चोळू नये. अशी गाठ दाबाने फुटून आत रक्तस्राव होऊ शकतो.

हा आजार कोणामुळे होतो, हा प्रश्न घरात येतोच, आणि बोट आईकडे जाते. बहुतेक हिपॅटोब्लास्टोमात पेशीच्या वाढीचा एक जनुक बिघडलेला सापडतो. तो बिघाड त्या गाठीपुरता असतो. फार कमी दिवसांच्या आणि फार कमी वजनाच्या बाळांत हा आजार इतरांपेक्षा थोडा जास्त आढळतो, तरी अशा बाळांतही तो दुर्मीळच आहे. काही जन्मजात व्याधींशीही त्याचा संबंध आहे. आईने गरोदरपणी काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, मागच्या जन्मी कोणी काय केले, यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारला आहे. आजारी लेकराच्या आईपुढे तो पुन्हा काढणारा नातेवाईक बौद्ध असला तरी त्याला तिथेच थांबवावे.

मोठ्या मुलांत, दहा-बारा वर्षांच्या पुढे, मोठ्या माणसांसारखा यकृताचा कॅन्सरही होतो. त्यातला काही भाग ब प्रकारच्या काविळीमुळे होतो, आणि त्यावर लस आहे. तैवानमध्ये १९८४ पासून नवजात बाळांना ही लस देणे सुरू झाले आणि दहा वर्षांत ६ ते १४ वयाच्या मुलांतील यकृताच्या कॅन्सरचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. आपल्याकडेही बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस सरकारी लसीकरणात आहे. बाळंतपण दवाखान्यात झाले की तो दिला का, हे विचारून कार्डावर पाहून घ्यावे.

पहिला उपचार

हिपॅटोब्लास्टोमाच्या बहुतेक मुलांच्या रक्तात अल्फा-फीटोप्रोटीन, थोडक्यात एएफपी, नावाचे प्रथिन खूप वाढते. आकडा हजारांत, कधी लाखांत जातो. सुईने गाठीचा तुकडा तपासून निदान पक्के होते. मग केमोथेरपी देऊन गाठ आक्रसवतात, शस्त्रक्रियेने काढतात आणि पुन्हा थोडी केमोथेरपी देतात. यकृताची खासियत अशी की अर्ध्याहून जास्त भाग काढला तरी उरलेले यकृत काही आठवड्यांत वाढून काम सांभाळते. गाठ पूर्ण यकृतभर असेल तर यकृत प्रत्यारोपणाचा विचार होतो.

यात मुख्य औषध सिस्प्लॅटिन. ते जुने आणि स्वस्त आहे. युरोपातल्या डॉक्टरांच्या सिओपेल गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिसऱ्या अभ्यासात, कमी धोक्याच्या गटातल्या मुलांना फक्त सिस्प्लॅटिन आणि शस्त्रक्रिया दिली. तीन वर्षांनी १०० पैकी ९५ मुले जिवंत होती. "कॅन्सर म्हणजे संपले" असे म्हणणाऱ्यांना हा आकडा ऐकवावा. सिस्प्लॅटिनने ऐकू येणे कमी होऊ शकते, म्हणून उपचार चालू असताना आणि नंतर कानांची तपासणी करावी. बोलायला शिकण्याच्या वयात ऐकू आले नाही तर मूल मागे पडते आणि घरचे त्याला मंद समजतात.

ही गाठ उलटू शकते हे वैद्यकाला फार आधीपासून माहीत आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी जगातले पहिले यशस्वी मानले जाणारे यकृत प्रत्यारोपण केले, ते यकृताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या दीड वर्षाच्या मुलीवर. नवे यकृत चालले, मुलगी वर्षभराहून जास्त जगली, आणि गेली ती कॅन्सर परत आल्यामुळे. त्यानंतर औषधे खूप सुधारली. आज पहिला उपचार पूर्ण होऊन बऱ्या झालेल्या मुलांपैकी थोड्यांतच गाठ उलटते. उलटली तर फुप्फुसात, यकृतात, किंवा दोन्हींकडे. बरे होण्याचा आकडा तेव्हा पुष्कळ खाली येतो, पण शून्यावर येत नाही. उरलेली गाठ शिल्लक न ठेवता काढता किंवा मारता आली, तर अशीही मुले पूर्ण बरी झालेली आहेत. उष्णतेच्या सुईचे काम इथे सुरू होते.

उष्णता नेमके काय करते

अंडे उकडले की आतला पातळ पांढरा भाग घट्ट होतो आणि मग कितीही थंड केला तरी पुन्हा पातळ होत नाही. जिवंत पेशीतल्या प्रथिनांचे तेच होते. साधारण ६० अंश सेल्सिअसला पेशी जवळजवळ तत्काळ मरते. म्हणून सुईच्या टोकाभोवती ६० ते १०० अंशांच्या दरम्यान तापमान आणतात आणि काही मिनिटे टिकवतात. १०० अंशांच्या वर गेले तर ऊतक करपते, वाफ होते, आणि करपलेला थर पुढची उष्णता पसरू देत नाही. म्हणजे इथे "जाळणे" हा शब्दच चुकीचा आहे. डॉक्टर जाळणे टाळतात. शिजवणे म्हटले तर जास्त खरे होईल, फक्त तो शब्द आईबापांपुढे कोणी काढत नाही.

ही उष्णता दोन प्रकारे देतात. रेडिओफ्रीक्वेन्सी पद्धतीत सुईतून सेकंदाला सुमारे चार-पाच लाख वेळा दिशा बदलणारी वीज सोडतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, तिने स्नायू आखडतात, हृदय थांबू शकते. पण इतक्या वेगाने दिशा बदलणाऱ्या विजेने स्नायूंना झटका बसत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनव्हाल यांनी १८९१ मध्ये दाखवले. त्या विजेने सुईजवळचे क्षारांचे कण वेगाने हलतात आणि घर्षणाने ऊतक तापते. यकृतात सुईने हे करता येईल असे १९९० मध्ये इटलीत रॉसी आणि अमेरिकेत मॅकगॅहन यांनी वेगवेगळे प्रयोग करून मांडले. दुसरी पद्धत मायक्रोवेव्हची. तिच्यात पेशीतल्या पाण्याचे रेणू हलवून उष्णता तयार होते, जशी मायक्रोवेव्ह भट्टीत होते. ती जास्त वेगाने आणि जास्त मोठा भाग तापवते. रेडिओफ्रीक्वेन्सीत वीज शरीराबाहेर जावी म्हणून मांडीवर पॅड चिकटवावे लागतात आणि लहान मुलाच्या मांडीवर जागा कमी असल्याने तिथे भाजण्याची भीती असते. मायक्रोवेव्हमध्ये असे पॅड लागत नाहीत.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एका सुईभोवती तापणारा भाग लिंबाएवढा असतो, त्याहून फार मोठा नाही. गाठ मरायची तर तिच्याभोवती सगळीकडे पाच ते दहा मिलिमीटर चांगले यकृतही तापवावे लागते, कारण कडेला चार पेशी उरल्या तरी गाठ तिथून पुन्हा वाढते. म्हणून हा उपचार तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीत चांगला चालतो. त्यापुढे यश झपाट्याने कमी होते. गाठी एक-दोन असाव्या लागतात, यकृतभर पसरलेल्या नसाव्यात. शिवाय यकृतातून रक्ताच्या मोठ्या नळ्या जातात. तीन मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीला गाठ चिकटलेली असेल तर वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि त्या बाजूच्या पेशी वाचतात. वाहत्या वैनगंगेत गरम पाण्याची घागर ओतावी तसे. मुख्य पित्तनलिकेजवळ गाठ असेल तर नलिकाच भाजून आखडू शकते, म्हणून तिथे डॉक्टर नकार देतात. असा नकार मिळाला तर तो टाळाटाळीचा समजू नये.

आता प्रश्न उरतो, पुन्हा शस्त्रक्रियाच का नको? करता येत असेल तर शस्त्रक्रियाच आधी. उलटलेली गाठ कापून पूर्ण काढता आली तर त्यापेक्षा खात्रीचा मार्ग नाही. पण एकदा मोठा भाग काढलेला, आत सगळे चिकटलेले, गाठ लहान पण खोल, किंवा मूल सततच्या केमोथेरपीने अशक्त, अशा वेळी दुसऱ्यांदा पोट उघडणे फार जड जाते. तेव्हा सुईचा विचार होतो. हा निर्णय एकट्या डॉक्टरचा नसतो. मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर, शल्यचिकित्सक आणि सुईचे काम करणारे रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून तो घेतात. केमोथेरपी बहुधा सोबत चालूच राहते.

पुराव्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. मोठ्या माणसांच्या यकृतातल्या लहान गाठींवर हा उपचार जगभर रुळला आहे आणि त्याचे मोठे अभ्यास झाले आहेत. मुलांमध्ये हाडातली ऑस्टिऑइड ऑस्टिओमा नावाची साधी पण रात्री फार दुखणारी गाठ याच सुईने बरी करतात, ते काम आता नेहमीचे झाले आहे. पण मुलांच्या यकृतातल्या उलटलेल्या कॅन्सरबाबत प्रसिद्ध झालेले अनुभव मोजक्या मुलांचे आहेत. आजारच इतका दुर्मीळ की मोठा अभ्यास होणे अवघड. त्या अनुभवांवरून इतके म्हणता येते की नीट निवडलेल्या मुलांत हे सुरक्षितपणे करता येते आणि काही मुलांत गाठ कायमची जाते. "शंभर टक्के बरे होईल" असे सांगणारा, मग तो कितीही मोठ्या इमारतीत बसलेला असो, त्याच्यापासून सावध राहा.

प्रत्यक्ष दिवशी काय होते

मोठ्या माणसाला कधी कधी गुंगीवर हे करतात, मुलाला मात्र पूर्ण भूल देतात, कारण श्वासाबरोबर यकृत वरखाली होते आणि सुई मिलिमीटरच्या हिशेबाने बसवायची असते. आदल्या दिवशी रक्त गोठण्याची तपासणी होते. सोनोग्राफीने किंवा सीटीने गाठ पाहत, कातडीला बारीक छेद घेऊन सुई आत जाते. जठर किंवा आतडे गाठीला टेकलेले असेल तर मध्ये ग्लुकोजचे पाणी सोडून त्यांना दूर ढकलतात. मिठाचे पाणी नाही, कारण त्यातून वीज वाहते. प्रत्यक्ष तापवणे काही मिनिटांचे असते, सगळी तयारी धरून एक-दोन तास जातात. टाके जवळजवळ नसतात. सगळे ठीक असेल तर एक-दोन दिवसांत सुटी होते.

मुलाला सिकलसेल असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला ते आधी सांगितलेच पाहिजे. वाहक असेल तरी सांगावे. सिकलसेलच्या मुलाला उपाशी आणि कोरडे ठेवणे, थंडी वाजू देणे, प्राणवायू कमी पडणे, यांतून मोठा त्रास उद्भवतो. सलाइन, ऊब आणि गरज पडल्यास रक्त यांची तयारी ते आधीच करतात. मुंबईच्या डॉक्टरला आपल्या भागातला प्रत्येक रुग्ण सिकलसेलसाठी तपासलेला असेल असे गृहीत धरता येत नाही. आपला लाल-पिवळा कार्डाचा कागद आपणच पुढे करावा.

नंतर दोन-चार दिवस थोडा ताप, मळमळ, उजव्या खांद्यात दुखणे हे होते आणि जाते. ताप वाढतच गेला, थंडी वाजून आला, डोळे पिवळे झाले, पोट फुगले, मूल पांढरे पडले किंवा धाप लागली तर मात्र घरी थांबू नये. रक्तस्राव, पू होणे, पित्तनलिकेला इजा हे धोके कमी असले तरी खरे आहेत. गावी परतल्यावर ब्रह्मपुरीच्या किंवा गडचिरोलीच्या डॉक्टरला दाखवताना "यकृतात सुईने उष्णता दिली आहे" हे पहिल्या वाक्यात सांगावे, नाहीतर तापावर हिवतापाचेच औषध सुरू होते.

महिनाभराने स्कॅन होतो. त्यात आधीच्या गाठीपेक्षा मोठा काळा डाग दिसतो, आणि अहवालातला आकडा वाचून घरात रडारड होते. तो डाग मेलेल्या ऊतकाचा असतो. तो गाठीपेक्षा मोठा असणे हेच बरोबर, कारण भोवतालचा भागही मुद्दाम तापवलेला असतो. पुढे तो हळूहळू आक्रसतो. औषध टोचल्यावर त्याच्या कडेला काही उजळते का, हे डॉक्टर पाहतात.

डागण्याशी तुलना करणाऱ्यांना इतके सांगावे. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याच्या प्रथेला डंबा म्हणतात, आणि आपल्याकडेही पोटावर बिब्बा घालणारे, डागणारे आहेत. त्या चटक्याची उष्णता कातडीतच संपते. यकृतापर्यंत ती पोचत नाही, पोचते ती जखम आणि जंतुसंसर्ग. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी असतात, त्याच्या कातडीवरचा एक चटका त्याचा जीव घेऊ शकतो.

तारीख चुकते कुठे

लहान असताना गाठ सापडली तर सुई चालते, आणि लहान असताना ती हाताला लागत नाही. ती सापडते रक्तातल्या एएफपीने आणि स्कॅनने. पहिला उपचार संपल्यावर सुरुवातीला दर महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी, अशा तारखा डॉक्टर देतात. उलटण्याची भीती पहिल्या दोन-तीन वर्षांत जास्त असते. नेमक्या याच काळात मूल गुबगुबीत होते, केस परत येतात, अंगणात खेळू लागते, आणि घरच्यांना वाटते, आता कशाला. त्यात जून-जुलैत रोवणी, पुरात रस्ते बंद, दिवाळीनंतर धानकापणी, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता. मजुरी बुडवून मुंबईला जायचे तर चार-पाच दिवस जातात. कारणे खोटी नाहीत. पण सहा महिने चुकले तर दोन सेंटिमीटरची गाठ सहाची होते आणि सुईचा रस्ता बंद होतो.

यातला एक भाग वडशात राहून करता येतो. एएफपीसाठी फक्त रक्त द्यायचे असते. डॉक्टरांना विचारून मधल्या तारखांचे रक्त जवळच द्यावे, नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल फोनवर डॉक्टरांना पाठवावा. प्रत्येक वेळी तीच प्रयोगशाळा ठेवावी, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असतात. एका अहवालावर घाबरू नये, आणि एका चांगल्या अहवालावर निर्धास्तही होऊ नये. तीन-चार आकडे ओळीने वर जात आहेत की खाली, हे महत्त्वाचे. नवजात बाळात हा आकडा मुळातच हजारांत असतो आणि पहिल्या वर्षभरात उतरतो, म्हणून तान्ह्या बाळाचा अहवाल मोठ्यांच्या मापाने वाचू नये.

उपचार कुठे? मुलांच्या कॅन्सरचा संपूर्ण विभाग आणि सुईचे काम करणारा विभाग एका छताखाली असलेले जुने केंद्र म्हणजे परळचे टाटा मेमोरियल, १९४१ पासून चालू असलेले. नागपुरात एम्स, जामठ्याचे राष्ट्रीय कॅन्सर संस्थान, तुकडोजी महाराज प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहेत. तिथे केमोथेरपी आणि तपासण्या होऊ शकतात आणि पुढे कुठे जायचे ते कळते. कुठेही गेलात तरी विचारा की लहान मुलाला भूल देणारे, मुलांचा अतिदक्षता विभाग आणि ही सुई चालवणारे रेडिओलॉजिस्ट, तिघेही इथे आहेत का.

पैशांचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वीच्या नावाने २०१२ मध्ये पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. सुईचा उपचार योजनेत कोणत्या नावाखाली बसतो आणि किती रक्कम मंजूर होते, हे दाखल होण्याआधी त्याच्याकडून विचारून घ्यावे. मदत क्रमांक १५५३८८. बाळाचे नाव शिधापत्रिकेत चढवलेले नसते आणि ऐन वेळी तिथेच अडते, म्हणून जन्मदाखला सोबत ठेवून नाव आजच चढवा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण आणि सोबत्याला पाऊण भाडे माफ असते, त्याचा छापील अर्ज रुग्णालयातून भरून मिळतो. एसटीतही सवलत आहे. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. सेंट ज्यूड संस्था कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांना आईबापांसह मोफत ठेवते, त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडून नाव जावे लागते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या आपल्या माणसांना दादर पाठ आहे, परळ तिथून जवळच. विहारातल्या एखाद्या कार्यकर्त्याने पहिल्या फेरीला सोबत जाणे म्हणजे त्या घराचे निम्मे ओझे उचलणे होय.

विनयपिटकातल्या महावग्गात आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे, पथ्य-कुपथ्य कळावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, ओकारी-मलमूत्राची किळस करू नये. तिथेच आजाऱ्याचेही गुण आहेत, आणि त्यांत एक हा की त्याने आपला आजार खरा खरा सांगावा. दोन वर्षांच्या लेकराला ते जमत नाही, त्याच्या वतीने फाइल बोलते. म्हणून शेवटी फाइलविषयी.

पहिल्या दिवसापासूनचे सगळे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. तुकड्याच्या तपासणीचा अहवाल, केमोथेरपीचा प्रत्येक डोस लिहिलेला कागद, शस्त्रक्रियेचा तपशील, कानांच्या तपासणीचा अहवाल आणि सिकलसेलचे कार्ड. एएफपीचे सर्व आकडे तारखेसह एका वहीच्या पानावर एकाखाली एक लिहा. जुन्या सीटीचा फक्त अहवाल पुरत नाही, सीडी किंवा फिल्म लागते, कारण सुई घालणाऱ्या डॉक्टरला गाठ रक्ताच्या नळीपासून किती दूर आहे हे स्वतः डोळ्यांनी पाहायचे असते. मोबाइलमध्ये सगळ्यांचे फोटो काढून घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही पाठवून ठेवा. आणि पुढच्या तपासणीची तारीख पिशवीवर बाहेरून, मोठ्या अक्षरात लिहा.